टाचदुखी आणि बुटातले इनसोल: आठ महिन्यांनंतर

मी शाळेत शिकवते. दिवसाचे पाच-सहा तास कोटा फरशीवर उभं राहणं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईनंतर उजवी टाच धरली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेच्या आतल्या बाजूला खिळा रुतल्यासारखी कळ यायची. दहा-बारा पावलं भिंत धरून चाललं की सैल पडायचं, म्हणून महिनाभर दुखणं अंगावर काढलं. शेवटी सासूबाईंनीच टोकलं, "काहून लंगडून राहिली रोज? दाखव ना डॉक्टरला."

हाडांच्या डॉक्टरांनी प्लांटर फॅसायटिस सांगितलं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो, तो पायाची कमान पेलतो. रात्री तो आखडतो, आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तेव्हा मी घाबरले. पण तसं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांतही असतं, असं त्यांनी समजावलं.

आधी नागपूरच्या सीताबर्डीहून अडीचशे रुपयांचे सिलिकॉनचे हील कप, म्हणजे टाचेखाली ठेवायच्या मऊ वाट्या, आणले. दुखत होती उजवी टाच, म्हणून उजव्याच पायात घातला. आठवड्याभरात कंबर धरली, कारण एक पाय उंच झाला होता. जोडी दोन्ही पायांत घालायची असते, हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. नंतर दोन्हीकडे घातले, तर चपलेतून ते सरकून बाहेर यायचे. टाचेला मऊ वाटायचं एवढंच, सकाळची कळ तशीच.

जानेवारीत फिजिओथेरपिस्टकडे गेले. पायाचं माप घेऊन महागडे इनसोल, म्हणजे बुटाच्या आत तळव्याखाली घालायच्या गाद्या, करवून घ्यायची माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, "आधी तयार मिळतात तेच वापरा, मापाच्यांनी जास्त फरक पडेलच असं नाही." मग कमानीखाली कडक आधार आणि टाचेला खोलगट वाटी असलेले पूर्ण लांबीचे घेतले, अकराशेला. आता ते बसवायला बूट हवेत. साडीवर बूट घालायला मला फार जड गेलं. स्टाफरूममध्ये चार दिवस सगळ्यांच्या नजरा पायाकडे होत्या, पाचव्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही. बूट घेताना दोन्ही हातांनी वाकवून बघा: बोटांपाशी वाकला तर चांगला, मधोमध दुमडला तर परत ठेवा. आणि मूळचा पातळ इनसोल आधी काढा. मी त्याच्यावरच नवा घातला, तर अंगठ्याचं नख काळं पडलं.

पहिला आठवडा कमानीखाली गोटी ठेवल्यासारखं वाटलं. रोज तास-दोन तास वाढवत नेलं, मग सवय झाली.

तरी फेब्रुवारीअखेरपर्यंत आराम अर्धाच होता. शाळेत पाय बरा, आणि रात्री स्वयंपाक उरकेपर्यंत ठणका सुरू. इनसोल बुटात, बूट दाराबाहेर, आणि मी घरात अनवाणी ग्रॅनाइटवर! घरात चपला आमच्याकडे चालत नाहीत. सासूबाईंशी बोलले. त्यांनीच तोड काढली: घरातल्यासाठी वेगळी जोडी, उंबऱ्याबाहेर कधीच न्यायची नाही, देवघराच्या दाराशी काढायची. कमान असलेल्या त्या स्लिपरनी माझ्या मते इनसोलइतकंच काम केलं. सकाळी उठायच्या आधी पलंगावरच टॉवेलने चवडा स्वतःकडे ओढणं आणि भिंतीला हात टेकून पोटरी ताणणंही रोज चालू होतं, त्यामुळे सगळं श्रेय इनसोलला देणार नाही.

एप्रिलच्या उन्हात बुटात पाय अक्षरशः उकडतो. सुती मोजे, आणि घरी आल्यावर इनसोल काढून पंख्याखाली. उन्हात वाळवू नका, माझ्या जोडीची कड तशीच वळली. पावसाळ्यात ते रात्रभरात सुकत नाहीत.

मे महिन्यात सकाळची कळ गेली. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे टाचेला सुट्टीही मिळाली होती. खरी परीक्षा जुलैत झाली आणि पाय टिकला. परवा इतवारीत मारबतीची मिरवणूक बघायला दोन तास उभी होते. घरी आल्यावर टाच थोडी जड वाटली, दुसऱ्या सकाळी पाय नीट टेकला.

आता टाचेच्या वाटीत अंगठा दाबला तर खालचा कडकपणा लागतो, फोम बसलाय. उजवा डाव्यापेक्षा जास्त. याच महिन्यात दुसरी जोडी घेणार आहे, तीच, त्याच मापाची.