सहा इंची ई-इंकवर जुनी मराठी पुस्तकं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सहा इंची ई-इंक (कागदासारख्या पडद्याचं) वाचनयंत्र, 300 पीपीआयचा (इंचाला 300 ठिपक्यांचा) पडदा, आणि जवळजवळ सगळं वाचन स्वामित्वहक्क संपलेल्या मराठी पुस्तकांचं. आठ महिन्यांत एक गोष्ट पक्की झाली: वाचनाचं सुख यंत्रावर कमी आणि फाइलवर जास्त ठरतं. त्याच पडद्यावर एक पुस्तक चार रात्रींत संपतं आणि दुसरं विसाव्या पानावर खाली ठेवावंसं वाटतं. त्यात लेखकाचा काही दोष नसतो.

जुनी पुस्तकं बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच मिळतात. डेमी आकाराचं पान 14 बाय 21.5 सेंमी, पडदा जेमतेम 9 बाय 12. अख्खं पान दाखवायला गेलं की 12 पॉइंटचं अक्षर 7 पॉइंटचं होतं. इंग्रजी मजकूर तेवढ्यात कसाबसा वाचता येतो, मराठी नाही, कारण रफार, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून जातात. उपाय सोपा आहे. यंत्रावर कोरीडर हे वाचनाचं सॉफ्टवेअर टाकायचं, समास कापून फक्त मजकुराचा चौकोन (साधारण 10 बाय 17) ठेवायचा आणि यंत्र आडवं धरायचं. मग अक्षर छापील पुस्तकापेक्षाही थोडं मोठं दिसतं. एक पान तीन टप्प्यांत वाचावं लागतं, पण दोन दिवसांत हात सरावतो. डाव्या-उजव्या पानांचे समास वेगळे असतील तर सम आणि विषम पानांची कापणी वेगळी लावा, नाहीतर ओळीची शेवटची अक्षरं जातात.

कोरीडरमध्येच ओळी तोडून नव्याने मांडणारी रिफ्लोची सोय आहे. सैल छपाईवर ती चांगली चालते. दाट छपाईत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकलेला असतो. मग दोन ओळी एकच धरल्या जातात आणि वाक्यांचा काला होतो. अशा पुस्तकाला आडवं वाचनच बरं.

कॉन्ट्रास्ट वाढवताना मात्र हात आखडता घ्या. पिवळ्या पानावर कॉन्ट्रास्ट जास्त केला की कागदावरचे ठिपके काळे होतात आणि अनुस्वारासारखे दिसू लागतात. उलट पुसट छपाईत खरा अनुस्वारच उडतो. जुन्या लेखनात हा ठिपका शोभेचा नाही: ‘नांव’ म्हणजे माणसाचं आणि ‘नाव’ म्हणजे पाण्यातली. आधी फाइलमधलं सगळ्यात पुसट पान उघडा, त्यावर कॉन्ट्रास्ट बसवा आणि मगच पुस्तक सुरू करा.

पीडीएफमधून ईपब (अक्षर लहान-मोठं करता येणारी फाइल) करायची असेल तर कॅलिबर या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये घालण्याआधी एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये डकवून पाहा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली पीडीएफ डोळ्यांना सुबक मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच असतो. तिचं रूपांतर करण्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा पानांच्या प्रतिमा करून टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी भाषा सांगून अक्षरओळख करून घ्या. स्कॅन 300 डीपीआयच्या खाली असेल तर चुका फार होतात, आणि त्या ठरलेल्या असतात: घ-ध, भ-म, ब-व, ष-प. ‘पोट भरलें’चं ‘पोट मरलें’ झालेलं दिसलं की पुढची पन्नास पानं मुळाशी ताडूनच वाचायची.

युनिकोडमधलं पुस्तकही निर्धोक नसतं. दुसऱ्या, वाऱ्यावर यांतला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकलेला सापडतो. एका प्रकाराने शोधलं तर दुसरा सापडत नाही, आणि काही फाइलींत तो चक्क साधा ‘र्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या झाला की वाचणारा अडखळतोच. ‘ॲ’च्या जागी चौकोन दिसला तर फॉन्ट जुना आहे असं समजा. फॉन्ट बदलायचाच असेल तर तिरो देवनागरी मराठी घ्या: ल आणि श आपल्या वळणाचे आहेत आणि जोडाक्षरं भरीव. ओळींमधलं अंतर इंग्रजीला ठेवता त्याहून दोन पायऱ्या जास्त हवं. दोन्ही कडा जुळवणं बंद करा. मराठीत लांब शब्द तुटत नाहीत, त्यामुळे शब्दांमध्ये भगदाडं पडतात.

आता पुस्तकांबद्दल. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ या यंत्रावर फार छान वाचून झाली. ती ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली होती, त्यामुळे तिचे तुकडे रात्रीच्या एका बैठकीत मावतात. नायिका यमूची घरगुती बोली मोठ्या अक्षरात सावकाश वाचताना जवळची होते, आणि केशवपनाचा भाग म्हणूनच अधिक बोचतो. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घेताना मात्र आवृत्ती पाहा. मोकळेपणाने मिळते ती 1907 ची, चिंतामणराव वैद्यांचा हात फिरलेली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती 1966 ची आहे. गोडी पहिलीतही आहेच. दक्षिणेच्या आशेने वरसईहून निघालेला भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडतो आणि जे आतून पाहिलं ते सांगतो. पण भटजींची स्वतःची भाषा हवी असेल तर दुसरी छापील घ्या.

दोन्ही पुस्तकांत अडतं ते शब्दकोशाशी. शब्दावर बोट दाबून ठेवलं तर ‘झालें’, ‘घरांत’ असे शब्द सापडत नाहीत, कारण 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढले आणि आजचे कोश त्या लेखनाप्रमाणे आहेत. कोरीडरमध्ये शोधायचा शब्द हाताने सुधारता येतो. अनुस्वार काढून पुन्हा शोधा, बहुतेक वेळा मिळतो.

बॅटरीचा हिशोब असा: रोज तासभर वाचन, प्रकाश मध्यम, तर ईपब असताना तीन आठवडे आणि स्कॅन असताना आठवडा-दहा दिवस. स्कॅन वाचताना दर पानाला पूर्ण रिफ्रेश ठेवावं लागतं, नाहीतर मागच्या पानाची शिरोरेखा पुढच्या ओळींत सावलीसारखी उरते. ईपबला सहा पानांतून एकदा पुरतं. वाचन मुख्यतः स्कॅनचंच असणार असेल तर सहा इंची घेऊ नका, 10 इंची घ्या. त्यावर डेमीचं पान समास कापले की उभ्यानेच पूर्ण मावतं.