सेल्स सॉफ्टवेअरमधलं टार्गेट ट्रॅकिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव पाइपलाइन पद्धतीच्या सीआरएममधल्या (ग्राहक आणि विक्रीची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) ‘गोल्स’ या भागाचा आहे. इथे टार्गेट लावायचं आणि ते किती टक्के झालं ते एका पट्टीवर पाहायचं. डील, म्हणजे होऊ घातलेली एक विक्री, एका स्टेजमधून पुढच्या स्टेजमध्ये सरकवायची आणि ऑर्डर मिळाली की ‘वोन’ (जिंकली) करायची, अशी रचना असलेली सॉफ्टवेअरं टार्गेटच्या बाबतीत बरीच सारखी वागतात. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा सेटिंगबद्दल लिहिणं जास्त कामाचं.

आधी मत सांगतो: भाग चांगला आहे, रोज उघडावासा वाटतो, पण डीफॉल्ट सेटिंगवर सोडला तर चांगल्या माणसाला लाल आणि ढिसाळ माणसाला हिरवं दाखवतो. पट्टी ६० टक्के दाखवते तेव्हा ती कोणत्या तारखेवर, कोणाच्या नावावर आणि कोणत्या स्टेजवर मोजली गेली, हे माहीत नसेल तर त्या ६० ला काहीच अर्थ नाही.

टार्गेट तयार करताना विचारलं जातं ते असं: कशाचं (डील आणल्या, अमुक स्टेजला पोहोचवल्या, जिंकल्या, की कॉल-मीटिंगसारख्या ॲक्टिव्हिटी पूर्ण केल्या), कोणाचं (एका माणसाचं, टीमचं, कंपनीचं), कोणत्या पाइपलाइनचं, संख्येत की रकमेत, आठवड्याचं, महिन्याचं की तिमाहीचं, आणि कधीपासून कधीपर्यंत. शेवटची तारीख बरेच जण रिकामी ठेवतात. ती भराच. टार्गेट मध्येच ८ वरून १० केलं, तर मागचे महिनेही १० च्या मापाने मोजले जाऊ शकतात, आणि ज्याने त्या महिन्यांत ८ पूर्ण केले होते तो अचानक ८० टक्क्यांवर दिसतो. जुनं टार्गेट महिनाअखेरीला संपवायचं आणि १ तारखेपासून नवं सुरू करायचं. जुन्याला हात लावायचा नाही.

तारखेचा घोळ

प्रत्येक डीलला निदान तीन तारखा असतात: डील तयार झाली ती, क्लोजिंग अपेक्षित आहे ती आणि ‘वोन’ बटण दाबलं ती. जिंकलेल्या डीलचं टार्गेट बहुतेक वेळा तिसऱ्या तारखेवर चालतं. म्हणजे ऑर्डर ३० ला आली आणि बटण २ ला दाबलं, तर ती विक्री पुढच्या महिन्यात गेली. ‘वोन’ची तारीख मागाहून बदलता येते, पण तो अधिकार सगळ्यांना द्यायचा नाही, एकाच माणसाकडे ठेवायचा.

टाइम झोनही तपासा. खात्याचा टाइम झोन वेगळा असेल, तर महिन्याच्या शेवटच्या रात्री बंद केलेली डील पुढच्या महिन्यात पडते किंवा उलटं होतं. एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये वेळ बऱ्याचदा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, त्यामुळे स्क्रीनवरची बेरीज आणि शीटमधली बेरीज एक-दोन डीलनी हटकून चुकते. फरक नेमका महिन्याच्या टोकांवरच्या डीलचा आहे का, एवढं पाहिलं की उलगडा होतो.

जिंकलेली डील पुन्हा उघडली आणि परत जिंकली, तर नवी तारीख लागते. फक्त रक्कम दुरुस्त करायची असताना काही जण आधी डील उघडतात; त्याची गरज नसते. रक्कम बंद डीलमध्येही बदलता येते.

डील कोणाच्या नावावर

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. डीलचा ओनर बदलला की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तिची जुनी कामगिरीही नव्या ओनरकडे जाते. कोणी काम सोडून गेलं की खातं बंद करताना त्याच्या डील कोणाला द्यायच्या ते ठरवावं लागतं. घाईत सरसकट दिल्या, की जिंकलेल्या डीलही जातात आणि मागच्या तिमाहीत ६० टक्क्यांवर राहिलेला माणूस बसल्या जागी ११० टक्क्यांवर पोहोचतो. इन्सेंटिव्ह याच आकड्यावर असेल तर प्रकरण चिघळतंच.

उपाय दोन. हस्तांतर करताना ‘ओपन’ फिल्टर लावून फक्त चालू डील द्यायच्या. आणि डीलमध्ये ‘विक्री कोणाची’ असं एक वेगळं फील्ड ठेवायचं, जे ‘वोन’ करताना भरणं सक्तीचं असेल. ओनर म्हणजे आज हा ग्राहक सांभाळणारा. विक्री करणारा कोण होता, ते या फील्डमध्ये. इन्सेंटिव्हचा रिपोर्ट या फील्डवरून काढायचा. टीम बदलणाऱ्या माणसाचंही हेच होतं: त्याचे जुने आकडे नव्या टीमसोबत जातात की जुन्या टीममध्ये राहतात, हे सॉफ्टवेअरगणिक वेगळं असतं. टीम तिमाहीच्या मधे बदलू नये, हा साधा नियम पाळला की त्रास वाचतो.

आणखी एक गोष्ट, जी हेल्प पानांवर सहज सापडत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये टीमच्या टार्गेटची पट्टी बघणाऱ्याच्या परवानगीनुसार मोजली जाते. मॅनेजरला ४२ डील दिसतात, टीममधल्या माणसाला ३१, कारण ११ डील ‘फक्त ओनरला दिसेल’ अशा ठेवलेल्या आहेत. दोघं एकाच मीटिंगमध्ये वेगवेगळे आकडे वाचतात आणि डेटा बिघडला असं समजतात. एकच लिंक दोन वेगळ्या लॉगिनमधून उघडून पाहिली की खात्री होते.

टार्गेट काढायचं उलट्या दिशेने

या भागाचा खरा उपयोग इथे आहे आणि बहुतेक टीम इथपर्यंत येतच नाहीत. फक्त ‘जिंकलेल्या डील’ हे टार्गेट लावलं, तर ते चुकलंय हे कळेपर्यंत तिमाही संपलेली असते. म्हणून वरच्या आकड्यावरून खाली यायचं. समजा चार जणांच्या टीमला तिमाहीत १२ डील जिंकायच्या आहेत. दिलेल्या कोटेशनपैकी २५ टक्के जिंकली जातात, म्हणजे ४८ कोटेशन लागतील. दोन मीटिंगमागे एक कोटेशन जात असेल, तर ९६ मीटिंग. तिमाहीचे १३ आठवडे धरले तर आठवड्याला साधारण साडेसात, म्हणजे माणशी दोन.

पण हिशोब इथेच थांबवला तर तो फसतो. पहिल्या मीटिंगपासून ऑर्डरपर्यंत सरासरी ४५ दिवस लागत असतील, तर तिमाहीच्या उत्तरार्धातल्या मीटिंगचं फळ बहुतांशी पुढच्या तिमाहीत मिळतं. मीटिंगचं टार्गेट म्हणूनच दीड महिना आधी सुरू करायचं. ‘गोल्स’मध्ये त्यासाठी वेगळी सोय नसते, मीटिंगच्या टार्गेटला फक्त वेगळी सुरुवातीची तारीख द्यायची. २५ टक्के आणि ४५ दिवस हे आकडे आपल्याच रिपोर्टमधून घ्यायचे, आणि सरासरीबरोबर मध्यकही पाहायचा, कारण वर्षभर रखडलेल्या एखाद-दोन डील सरासरी उगाच फुगवतात.

टीमचं टार्गेट आणि माणसांच्या टार्गेटची बेरीज ही सॉफ्टवेअरच्या लेखी दोन स्वतंत्र गोष्टी असू शकतात. बेरीज आपोआप जुळत नाही, आणि जुळवायचा हट्टही नको. माणसांच्या टार्गेटची बेरीज टीमच्या टार्गेटपेक्षा दहाएक टक्क्यांनी जास्त ठेवली, की एखादा आजारी पडला तरी टीमचा आकडा कोसळत नाही.

नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण टार्गेट लावणं हा अन्याय आहे. पहिला महिना फक्त ॲक्टिव्हिटीचं टार्गेट, मग पूर्ण टार्गेटच्या २५, ५०, ७५ टक्के आणि पाचव्या महिन्यापासून पूर्ण. हे चढतं माप एका टार्गेटमध्ये बसत नसेल, तर महिनावार वेगळी टार्गेटं करावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण करावं.

पट्टीवरची ‘आज इथे असायला हवं होतं’ ही रेघ सरळ असते: १५ तारखेला ५० टक्के. विक्री तशी येत नाही. शेवटच्या दहा दिवसांत निम्मी विक्री होणाऱ्या टीमला ती रेघ महिनाभर लाल दाखवते. जिंकलेल्या डीलसाठी तिच्याकडे दुर्लक्ष करा. मीटिंग आणि कॉलसाठी मात्र ती अगदी योग्य आहे, कारण ते काम रोज सारखं व्हायला हवं.

आकडा फुगतो कुठे

जे मोजलं जातं ते वाढतं, मग काम वाढो न वाढो. कॉलचं टार्गेट लावलं की शुक्रवारी संध्याकाळी एकदम वीस-पंचवीस ॲक्टिव्हिटी ‘डन’ होतात. पूर्ण केल्याची वेळ पाहा, एकाच मिनिटात पाच कॉल दिसतील. म्हणून सगळे कॉल मोजायचे नाहीत. ‘बोलणं झालं’ हा निकाल नोंदवलेलेच मोजायचे. शक्य असेल तिथे फोन सिस्टिम जोडून नोंद आपोआप होऊ द्यायची.

दुसरी खूण: ज्या डीलची तयार झाल्याची आणि जिंकल्याची तारीख एकच आहे, त्यांचा फिल्टर लावा. ऑर्डर हातात आल्यावरच डील टाकली जात असेल, तर त्या माणसाचा जिंकण्याचा दर अफाट दिसतो आणि पाइपलाइनमधल्या आकड्यावरून केलेला अंदाज मात्र कायम कमी येतो. तिसरी: टार्गेट पूर्ण केलेल्या माणसाच्या डील पुढच्या महिन्याच्या १ ते ३ तारखेला घोळक्याने जिंकल्या जातात का? तसं असेल तर तो विक्री राखून ठेवतोय, आणि त्यात दोष इन्सेंटिव्हच्या रचनेचा जास्त आहे.

रकमेच्या टार्गेटमध्ये कर धरायचा की नाही, वर्षभराच्या करारात पूर्ण वर्षाची रक्कम टाकायची की महिन्याची, हे लेखी ठरवा. चलनं एकाहून जास्त असतील तर विनिमय दर डील जिंकल्याच्या दिवशीचा धरला जातो की आजचा, तेही पाहा. आजचा असेल तर मागच्या तिमाहीचा आकडा आपोआप हलत राहतो.

साप्ताहिक आढाव्यात पट्टी दाखवून थांबू नका. पट्टीवर क्लिक केलं की तिच्यामागच्या डीलची यादी उघडते. बोलणं त्या यादीवर व्हायला हवं. जिथे यादी उघडत नाही, ते सॉफ्टवेअर या कामासाठी घेऊच नये.

घेण्याआधी ट्रायलमध्ये या तपासण्या करा. एक चाचणी डील स्टेजमध्ये पुढे-मागे-पुढे सरकवा आणि ती एकदा मोजली जाते की दोनदा, ते पाहा. एक जिंकलेली डील दुसऱ्याच्या नावावर करून दोघांच्या पट्ट्या पाहा. टार्गेटचा आकडा बदलून मागचा महिना बदलतो का, तेही बघा. ‘गोल्स’ किंवा टीमचे रिपोर्ट बऱ्याचदा वरच्या प्लॅनमध्येच असतात आणि ट्रायलमध्ये सहसा वरचाच प्लॅन उघडा असतो, तेव्हा पैसे भरण्याआधी आपण घेतोय त्या प्लॅनमध्ये टीमची टार्गेटं येतात का, हे लेखी विचारून घ्या.