पहाटेचा कोच पास, बेंचवरचा नापास

बास्केटबॉलच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपल्या कॉलेजचा उपांत्य सामना हातचा गेला आणि त्या संध्याकाळपासून सोलापुरातल्या सात रस्ता चौकातल्या चहाच्या गाड्यांवर दोनच वाक्यं ऐकू येतायत: "सरांना काढा" आणि "पोरांनीच माती खाल्ली". संघ तयार करायचं काम कॉलेजनं शहरातल्या एका खासगी बास्केटबॉल वर्गाला दिलंय, बेंचवरही त्याच वर्गाचे कोच बसतात. वर्गाचं नाव मुद्दाम देत नाही. काम कसं आहे तेवढं बघू.

सकाळचं सत्र 6 ते 8. सोलापूरच्या उन्हात यापेक्षा उशिरा चालतही नाही. एप्रिलमध्ये नऊनंतर सिमेंटचं कोर्ट म्हणजे तवा. पहिली वीस मिनिटं चेंडूला हात नाही: स्लाइड, अचानक थांबणं, एक पाय रोवून फिरणं (पिव्हट). मग रिंगखाली दोन्ही हातांनी लेअप, म्हणजे अगदी जवळून टाकायचा शॉट. बॉक्स आउट तर घोटून घेतात. शॉट उडाला की आधी आपला माणूस शोधायचा, त्याला पाठ लावायची, मगच वर बघायचं. सामन्यात उंची कमी असूनही रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे उसळलेले चेंडू) मिळाले ते यामुळेच. फी इथेच वसूल होते.

घोटाळा पुढे आहे. सरावात शॉट क्लॉकच नाही, म्हणजे 24 सेकंदांत शॉट मारायला लावणारं घड्याळ. समोरच्या संघानं 2-3 झोन (पुढे दोघं, रिंगपाशी तिघं, असा जागा धरून बचाव) लावला तेव्हा आपली पोरं बाहेरच्या बाहेर पास फिरवत राहिली आणि 24 सेकंद संपत आले की तीन गुणांच्या 6.75 मीटरच्या रेषेमागून कसातरी चेंडू भिरकावायची. झोन फुटतो मधून. एकानं फ्री थ्रो रेषेवर येऊन पास घ्यायचा आणि रिंगकडे वळायचं. त्याच्यावर दोघं धावले की कोपरा मोकळा होतो. यासाठी रोज पंधरा मिनिटं पाच विरुद्ध पाच, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि 10 अन् 5 सेकंदांना ओरडणारा एक जण पुरेसा आहे.

तिसऱ्या क्वार्टरला सुरुवातीपासून फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे कोर्टभर अंगावर जाऊन बचाव. तीन मिनिटांत चार टीम फाऊल! पाचव्यापासून बचावातल्या प्रत्येक फाऊलला समोरच्याला दोन फ्री थ्रो, आणि क्वार्टरची सात मिनिटं अजून बाकी. तिसऱ्या फाऊललाच प्रेस काढून मागे यायला हवं होतं.

खरी चूक टाइमआउटची. पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन. उरलेले पुढे नेता येत नाहीत. त्यातही शेवटच्या 2 मिनिटांत दोनच घेता येतात. सरांनी तिन्ही जपून ठेवले, त्यातला एक तिथेच वाया गेला. लोक ओरडतायत, "सर, टाइमआउट घ्या की!" आणि सर रेफरीला हात करतायत. रेफरीनं दिला नाही म्हणून हरलो, हे म्हणणं काही खरं नाही. मागणी स्कोअररच्या टेबलावर करायची असते, ती कोचनं किंवा पहिल्या सहायकानं. तीही मंजूर होते घड्याळ थांबून चेंडू डेड (खेळाबाहेर) झाल्यावर, नाहीतर समोरच्यानं बास्केट केल्यावर. चालू खेळात कितीही हात हलवा, उपयोग नाही.

शेवटी समोरच्याच्या बास्केटनंतर एक टाइमआउट मिळाला. शेवटच्या 2 मिनिटांत अशा टाइमआउटनंतर थ्रो-इन (बाहेरून चेंडू आत टाकणं) कोर्टाच्या पुढच्या अर्ध्यातून घेता येतो, शॉट क्लॉक मात्र 14 सेकंदांचा मिळतो. सरांनी पोरांना आपल्याच रिंगखालून चेंडू आत टाकायला लावला. प्रेसमध्ये अडकले, मधली रेषा ओलांडायचे 8 सेकंद उलटले, चेंडू गेला.

फ्री थ्रोचा सरावही उलटा: ताज्या दमानं सलग वीस. सामन्यात मिळतात दोन, तेही छाती भरून आलेली असताना. कोर्टाच्या दोन फेऱ्या, दोन शॉट, परत फेऱ्या, असा क्रम हवा. पहाटे रबरी चेंडू आणि स्पर्धेत कंपोझिट (कृत्रिम चामड्याचा), तर पकड नि उसळी दोन्ही बदलणारच. निदान शेवटचा आठवडा सामन्याचाच चेंडू वापरा. मुलींच्या बॅचला 7 नंबरचा चेंडू देणं तर चूकच, त्यांचा 6 नंबरचा असतो. जड चेंडूनं शॉटची ढबच बिघडते.

पाया पक्का करायचा असेल तर या वर्गात बिनधास्त नाव घाला. कॉलेजनं मात्र सरांना पहाटेसाठी ठेवावं आणि बेंचवर पहिला सहायक म्हणून दुसरा माणूस द्यावा. त्याच्या हातात एक वही: क्वार्टरचे फाऊल किती, टाइमआउट किती उरले, घड्याळात किती.