वापरलेलं मॅच पिस्तूल घेताना: ‘मक्खन’ ट्रिगरमागची फसवणूक

जाहिरात साधारण अशी येते: ‘मॅच एअर पिस्तूल, वापर अगदी कमी, ट्रिगर एकदम मक्खन, दोन सिलिंडर, ग्रिप मीडियम, होल्स्टर फ्री.’ (मॅच पिस्तूल म्हणजे स्पर्धेचं पिस्तूल, सिलिंडर म्हणजे त्याला दाबाखालची हवा पुरवणारं नळकांडं, ग्रिप म्हणजे मूठ, होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं म्यान.) या एका ओळीत फसायला निदान चार जागा आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात आणि आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य जिंकल्यावर मुलांना रेंजवर आणणारे पालक भेटू लागले, आणि त्यांच्या पाठोपाठ जुनं पिस्तूल गळ्यात मारणारेही. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवर्कबाऊ ही नवी पिस्तुलं लाखांच्या घरात जातात. म्हणून वापरलेलं घेणं चूक नाही. सामान तपासायला कोणी शिकवत नाही, तिथे गडबड होते.

आधी होल्स्टरचं उरकून टाकू. १० मीटर एअर पिस्तुलात होल्स्टरचं काहीही काम नाही. पिस्तूल केसमधून थेट टेबलावर येतं, नळीत सेफ्टी फ्लॅग (आत गोळी नाही हे दाखवणारी रंगीत दोरी) घातलेला असतो आणि रेंज ऑफिसरने सांगितल्याशिवाय तो निघत नाही. शिवाय मॅच पिस्तुलाची हाताच्या साच्याची लाकडी ग्रिप कुठल्याच ‘युनिव्हर्सल’ नायलॉन होल्स्टरमध्ये धड बसत नाही. फुकट होल्स्टर देणाऱ्याला एक तर खेळ माहीत नाही, किंवा तुम्हाला माहीत नाही हे त्याला कळलंय. (परवान्याचं पिस्तूल बाळगणाऱ्यांसाठी एवढंच: जे होल्स्टर ट्रिगर गार्ड पूर्ण झाकत नाही, किंवा ज्याचं तोंड पिस्तूल काढल्यावर मिटतं, ते फुकट मिळालं तरी घेऊ नये. मऊ पडलेल्या कातड्याची घडी पिस्तूल परत आत सरकवताना ट्रिगरमध्ये अडकते.)

आता ट्रिगर. ग्राहक पिस्तूल हातात घेतो, दोन-चार वेळा ड्राय फायर करतो, म्हणजे गोळी न घालता ट्रिगर दाबून बघतो, बोट नुसतं टेकवलं की ट्रिगर सुटतो, आणि सौदा तिथेच पक्का होतो. विकणाऱ्यालाही नेमकं हेच हवं असतं. खेळाचा नियम मात्र सांगतो की १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा, म्हणजे एवढं वजन टांगलं तरी तो सुटता कामा नये. २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाला हीच मर्यादा १००० ग्रॅम. स्पर्धेनंतर अचानक होणाऱ्या तपासणीत ट्रिगरने वजन उचललं नाही तर खेळाडू बाद होतो. गुण कितीही झालेले असोत, त्यांचा उपयोग उरत नाही.

ट्रिगर हलका भासवण्याचे तीन प्रकार नेहमीचे. पहिला निरुपद्रवी: वजनाचा स्क्रू सैल करून ठेवलेला असतो, तो घट्ट केला की काम झालं. दुसऱ्यात मूळ स्प्रिंग कापलेली असते. इथे लोकांचा एक गैरसमज आहे. स्प्रिंगची वेटोळी कापली की ती मऊ होत नाही, उलट ताठर होते. जातो तो फक्त तिचा सुरुवातीचा दाब. म्हणून असा ट्रिगर आरंभी रिकामा लागतो आणि शेवटी एकदम जड होतो. ओळखायची रीत सोपी. वजनाचा स्क्रू हळूहळू आत फिरवा. धड स्प्रिंग ५०० ग्रॅम ओलांडून बरीच पुढे जाते. स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत नेऊनही ट्रिगरचं वजन जेमतेम ५०० च्या आसपास घुटमळत असेल तर स्प्रिंग कापलेली किंवा थकलेली आहे. मूळ स्प्रिंगचा खर्च सौद्यातून वजा करायला सांगा.

तिसरा प्रकार धोक्याचा. मॅच ट्रिगरला दोन टप्पे असतात. फर्स्ट स्टेजला बोट बहुतेक वजन घेतं, मग भिंत, म्हणजे बोटाला जाणवणारा अडथळा लागतो, आणि सेकंड स्टेजला उरलेलं वजन पडून गोळी सुटते. काही ‘मेकॅनिक’ सिअरची (ट्रिगर दाबेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या खटक्याची) पकड इतकी कमी करून ठेवतात की ती भिंतच नाहीशी होते. हाताला झकास वाटतं, पण असं पिस्तूल कॉकिंग लिव्हर जोरात मिटवली किंवा टेबलावर आपटलं तरी सुटू शकतं. पेलेट (एअर पिस्तुलाची शिशाची गोळी) न घालता, नळी सुरक्षित दिशेला धरून, वीसेक वेळा लिव्हर जरा ठसक्यात मिटवा आणि ग्रिपवर तळव्याने थापट्या मारा. एकदा जरी आपोआप सुटलं तरी ते पिस्तूल घेऊ नका. ‘थोडं सेटिंग केलं की होईल’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

वजन घरीही तपासता येतं आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. किराणा दुकानातलं वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं ५०० ग्रॅमचं लोखंडी वजन घ्या, त्याला जाड तारेचा आकडा करा. आकड्यासकट ते ५०५ ते ५१० ग्रॅम भरतं, म्हणजे थोडी सुरक्षित सूटही मिळते. पिस्तुलात पेलेट नाही याची खात्री करा, सिलिंडर भरलेला ठेवा, पिस्तूल कॉक करा. नळी सरळ वर, आकडा ट्रिगरच्या साधारण मधोमध, वजन सपाट टेबलावर. मग सावकाश उचला. वजन टेबल सोडून अधांतरी राहिलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. अधिकृत तपासणीत असे जास्तीत जास्त तीन प्रयत्न देतात. स्प्रिंगचा काटा ओढून दाखवणाऱ्यावर विसंबू नका, ओढण्याचा वेग बदलला की आकडा बदलतो.

विक्रेता स्वतः वजन लावून दाखवत असेल तर त्याच्या हाताकडे बघा. आकडा ट्रिगरच्या वरच्या टोकाला, बिजागरीजवळ अडकवला की तरफेचा हात आखूड होतो आणि ४२० ग्रॅमचा ट्रिगरही ५०० उचलून दाखवतो. आकडा मध्यावर आणायला सांगा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर ‘सर्किट ओके आहे, बॅटरी संपलीय’ ऐकल्याबरोबर थांबा. बॅटरी किरकोळ भावात मिळते, सर्किट मिळत नाही. नवी बॅटरी स्वतः घेऊन जा.

सिलिंडरवर फसणारे सगळ्यात जास्त, कारण तो बाहेरून चकचकीत दिसतो. एअर सिलिंडरवर निर्मितीचा महिना-वर्ष कोरलेलं असतं. बहुतेक उत्पादक त्याला दहा वर्षांचं आयुष्य देतात, आणि मुदत पाळण्याची जबाबदारी नियमाने खेळाडूची. २०१४ चा सिलिंडर आज कागदावर भंगार आहे, मग आत २०० बार (बार हे दाबाचं एकक) हवा बिनबोभाट राहत असली तरी. विकणारे कोरलेल्या जागी हौशी स्टिकर किंवा विनाइल चिकटवतात. एकदा तर रंगाच्या थराखाली आकडे सापडले. नखाने स्टिकर काढा. ‘गोंद राहील’ म्हणून कोणी अडवलं तर कारण कळलंच. ‘दोन सिलिंडर’मधला दुसरा अनेकदा वेगळ्या कंपनीचा असतो. त्याचे आटे या पिस्तुलाला बसतातच असं नाही, फिलिंग अडॅप्टरही निराळा लागतो.

‘सिलिंडर रिकामा आहे, कुरिअरवाले भरलेला घेत नाहीत’ हे कारण खरं आहे, पण त्याआड पिस्तूल फक्त ड्राय फायरवर दाखवलं जातं. म्हणून भेट रेंजवरच ठरवा: पुण्याला बालेवाडी, मुंबईला वरळी, कोल्हापूरला दुधाळी, जिथे हवा भरता येईल. २०० बार भरा, गेजची नोंद घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. काटा उतरला तर सील गेलंय. पाच गोळ्या मारून पिस्तूल दहा मिनिटं तसंच ठेवा, मग सहावी मारा. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) ती आधीच्यांपेक्षा ठळक वेगवान निघाली, किंवा टार्गेटवर उंच गेली, तर रेग्युलेटरमधून, म्हणजे प्रत्येक गोळीला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागातून, हवा झिरपतेय. गोळ्या जवळपास एकाच भोकात पडाव्यात. दहाची रिंग ११.५ मिलिमीटरची आहे, पिस्तूल टेकूवर ठेवून मारलेल्या पाच गोळ्या तिच्यात सहज मावायला हव्यात. कारखान्याचं टेस्ट कार्ड दाखवलं तर त्यावरचा सीरियल नंबर फ्रेमवरच्या नंबराशी ताडून बघा. दुसऱ्याच पिस्तुलाचं कार्ड जोडून देतात.

ग्रिप लाकडाची आणि महाग, तीही आधीच्या मालकाने आपल्या हाताप्रमाणे घासलेली, पुट्टी भरलेली. तुमच्या मुलाच्या तळव्याला ती मीडियम असेलच असं नाही. शिवाय अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावावं लागतं. पुट्टीने फुगवलेली ग्रिप नेमकी त्या ५० वर अडते.

कायद्याच्या नावानेही थापा चालतात. ४.५ मिलिमीटर बोअर (नळीच्या आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतच्या (गोळीच्या ऊर्जेच्या) एअर वेपनला परवान्याची सूट आहे. मॅच पिस्तूल साधारण ६ ज्यूलच्या आसपास असतं, त्यामुळे ते निश्चिंतपणे त्यात बसतं. ‘.२२ बोअरचं एअर पिस्तूल, परवाना नको’ असं कोणी सांगितलं तर तो खोटं बोलतोय, .२२ म्हणजे साधारण ५.५ मिलिमीटर, बोअरची मर्यादा ओलांडलेली आहे. आयात केलेलं असेल तर कस्टमची कागदपत्रं मागा, आणि त्यावरचा सीरियल नंबरही जुळवा.

पैशांच्या बाजूला जुनीच पद्धत आहे: फौजेत असल्याचा फोटो, अचानक बदली, टोकन म्हणून पाच हजार, आणि ‘पैसे मिळवायला’ क्यूआर स्कॅन करा. क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे जातात, येत नाहीत. गेले असतील तर लगेच राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन १९३० वर तक्रार करा, व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. दुकानातून घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. खासगी माणसाकडून घेताना साध्या कागदावर पावती करून त्याची सही घ्या. तिच्यात पिस्तुलाचा सीरियल नंबर, प्रत्येक सिलिंडरवरचा महिना-वर्ष, ‘ट्रिगरने मध्यावर ५०० ग्रॅम उचलले’ हे वाक्य आणि किती रक्कम कोणत्या मार्गाने दिली हे लिहून घ्या.