हाँगकाँगमध्ये एकच संध्याकाळ मोकळी: पीकवर जावं की फेरी-ट्राम धरावी?

कामासाठी दोन-तीन दिवस हाँगकाँगला जाणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक एकच असतो. दिवसभर मीटिंगा नाहीतर प्रदर्शनातला स्टॉल, रात्री कुणाबरोबर तरी जेवण, आणि मधे कुठेतरी एक संध्याकाळ हाती लागते. ती शहरामागच्या व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर घालवायची, की बंदर ओलांडणाऱ्या स्टार फेरीच्या बोटीत आणि रस्त्यावरच्या ट्राममध्ये? धावपळ केली तर दोन्ही उरकता येतं. पण तेव्हा उरकणंच होतं, बघणं होत नाही. म्हणून एक निवडावं असं मला वाटतं.

दोन्ही पर्याय वयाने सारखेच. पीकवर दोराने ओढत नेणारी पीक ट्राम १८८८ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी दोराबजी नवरोजी या मुंबईहून तिकडे गेलेल्या पारशी गृहस्थांनी कौलून फेरी कंपनी काढली. तीच १८९८ मध्ये स्टार फेरी झाली. फेरीच्या एका टोकाला, कौलूनमधल्या त्सिम शा त्सुईत, मोदी रोड लागतो, तो होर्मसजी मोदींच्या नावाचा. तेही मुंबईचेच. हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीत त्यांच्या देणगीचा मोठा वाटा होता. हे ठाऊक असलं की त्या बोटीत बसताना मला तरी जरा आपलेपणा वाटतो.

आधी पीकबद्दल, कारण तिथे जाऊ नका असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यातली कोरडी, स्वच्छ संध्याकाळ मिळाली तर वरून दिसतं त्याला तोड नाही: पायाशी उंच इमारतींचं रान, मधे बंदर, पलीकडे कौलून आणि त्यामागे डोंगरांची रांग. पीक ट्रामचे २०२२ मधले नवे डबे ऐसपैस आहेत, आणि चढ इतका तीव्र की खिडकीबाहेरच्या इमारती तिरक्या उभ्या दिसतात. वर गेल्यावर मात्र तिथल्या इमारतीच्या गच्चीच्या तिकिटामागे लागू नका. बाजूने लुगार्ड रोड निघतो, त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की झाडी संपते आणि तेच दृश्य फुकट आणि बरंचसं निवांत मिळतं. फेरीचं दुसरं टोक असलेल्या सेंट्रल भागातून १५ नंबरची बसही वर जाते. तिला वेळ जास्त लागतो, पण वळणावळणाचा तो रस्ता मला ट्रामइतकाच आवडतो.

माझा कौल फिरवला तो ढगाने. मार्च महिना होता. खाली सेंट्रलमध्ये हवा दमट असली तरी दिवे लख्ख दिसत होते. वर पोहोचलो आणि कठड्यावर हात ठेवला तर तो ओलाचिंब, आणि त्यापलीकडे नुसतं पांढरं. शहर दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. खालून एक सलग घरघर वर येत होती. बराच वेळ थांबलो. एकदा ढग जरासा विरला, कुठल्यातरी इमारतीच्या टोकावरचा लाल दिवा दिसला आणि लगेच सगळं मिटलं. माझ्यासारखेच थांबलेले सगळे मग एकदमच खाली निघाले, म्हणजे रांग आलीच. संध्याकाळ तिथेच संपली, आणि दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं.

यात दोष कुणाचाच नाही. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल तिथली हवाच अशी असते. समुद्रावरची ओल डोंगराला अडते आणि खाली सगळं ठीक असतानाही माथा झाकलेला राहतो. सुट्टीवर गेलेला माणूस उद्या पुन्हा येऊ म्हणू शकतो, कामावर गेलेल्याला ती सोय नाही. पीकवर एकतर सगळं मिळतं, नाहीतर हात हलवत परत यावं लागतं. पुढे कधी हाँगकाँगला गेलो तेव्हा मोकळी संध्याकाळ अशी पणाला लावायला मन तयार झालं नाही.

तरीही जायचं असेल तर एक खूण लक्षात ठेवा. सेंट्रलच्या धक्क्यांपाशी आयएफसीचा, म्हणजे इंटरनॅशनल फायनान्स सेंटरचा, दुसरा मनोरा आहे, चारशे मीटरहून थोडा उंच. पीक ट्रामचं वरचं स्टेशनही समुद्रसपाटीपासून जवळपास तेवढ्याच उंचीवर, ३९६ मीटरवर आहे. मनोऱ्याचं टोक ढगात असेल तर वर काय दिसणार ते तिथेच कळलं. मग डोंगराकडे न वळता सरळ बोटीकडे वळावं.

बोटीला ढगाचं काही वाटत नाही. उलट धुकट संध्याकाळी इमारती निम्म्यावर कापल्यासारख्या दिसतात आणि त्यांचे दिवे ढगात मिसळून सगळं आकाशच रंगीत होतं. प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा, भाडं मोजकंच. हिरव्या-पांढऱ्या बोटीला दोन्ही बाजूंना तोंड असतं, त्यामुळे ती वळवावी लागत नाही; प्रवासीच लाकडी बाकाची पाठ पलीकडे ढकलतात आणि उलट दिशेला तोंड करून बसतात. रोजचे लोक हे हातातल्या पिशव्या खाली न ठेवता एका हाताने करतात. बोट धक्क्याला टेकताना निळ्या गणवेशातला खलाशी दोर घेऊन पुढे येतो, दोर खांबात अडकतो, लाकूड करकरतं आणि फळी धाडकन खाली येते. मांडव्याच्या लाँचने कधी गेला असाल तर वास आणि आवाज ओळखीचे वाटतील. वरच्या मजल्यावरून दृश्य चांगलं, पण मला खालचा आवडतो. पाणी जवळ असतं आणि इंजिनाची थरथर पायांना जाणवते. आठाच्या सुमाराची बोट धरली तर बंदरावरचा रोजचा प्रकाशाचा खेळ पाण्यातून दिसतो. त्या खेळाचं फार कौतुक मला नाही, पण बोटीतून तो बरा वाटतो.

या फेरीचं त्या शहराच्या जगण्यातलं स्थान समजायला एक गोष्ट पुरे. १९६६ मध्ये पहिल्या वर्गाचं भाडं पाच सेंटांनी वाढवायचं ठरलं तेव्हा एका तरुणाने उपोषण केलं आणि प्रकरण कौलूनच्या दंगलींपर्यंत गेलं. २००६ मध्ये सेंट्रलचा जुना धक्का आणि त्यावरचा घड्याळाचा मनोरा पाडतानाही लोक रस्त्यावर उतरले होते. आजचा धक्का थोडा पुढे, भराव घातलेल्या जागेवर आहे. जुन्या धाटणीचा दिसतो, पण नवा आहे.

सेंट्रलला उतरून पादचारी पुलांवरून डे व्हू रोडला आलं की ट्राम. १९०४ पासून चालू, दुमजली, गावातले लोक तिला डिंग डिंग म्हणतात. मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे टाकायचे. वर जाऊन अगदी पुढची जागा मिळवा आणि खिडकी उघडी ठेवा. दुकानांच्या पाट्या इतक्या जवळून जातात की हात बाहेर काढू नये. पूर्वेकडे जाताना पाटीवर नॉर्थ पॉइंट लिहिलेली गाडीच धरा, शाऊ केई वानची नको. नॉर्थ पॉइंटची गाडी शेवटी चुन युंग स्ट्रीटच्या भाजीबाजारात शिरते. दोन्ही बाजूंना पालेभाज्या, मासळी, फळांचे ढीग, आणि रुळांवर चालणारी माणसं. घंटी वाजली की ती पाऊलभर बाजूला सरकतात, गाडी गेली की पुन्हा रुळांवर. कुणी दचकत नाही, कुणी ओरडत नाही. वरच्या मजल्यावरून एका बाईंना मी पालेभाजीची जुडी उलटून देठ तपासताना पाहिलं. गाडी त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावरून गेली, त्यांनी मान वर केली नाही. हाँगकाँग आठवलं की मला ते दिसतं. दुकानं आवरायच्या आत पोहोचायला हवं, म्हणून काम संपल्यावर आधी ट्राम आणि नंतर फेरी असा क्रम बरा पडतो.

ट्रामची खोट म्हणाल तर ती फार हळू चालते, आणि बहुतेक गाड्यांत एसी नाही. जून ते सप्टेंबर घामाने अंग भिजतं. मुंबईकराला निभावता येईल, पुणेकराला थोडं जड जाईल. परतताना म्हणूनच नॉर्थ पॉइंटहून मेट्रो घ्यावी, अॅडमिरल्टीला गाडी बदलली की त्सिम शा त्सुई.

फेरी-ट्रामचा आणखी एक फायदा कामावर गेलेल्यालाच कळतो. हाँगकाँग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे साडेसात वाजतात तेव्हा पुण्यात पाचच झालेले असतात आणि ऑफिसचे फोन रंगात आलेले असतात. ट्राममधून कधीही उतरता येतं, फोन संपवून पुढची गाडी धरता येते. एक बोट गेली तरी दुसरीला फार थांबावं लागत नाही. तासभरच मिळाला तर तेवढ्यातही काहीतरी पदरात पडतं.

नोव्हेंबर-डिसेंबरात जात असाल, आभाळ निरभ्र असेल आणि दुपारी चारलाच मोकळे होणार असाल, तर पीकला जरूर जा. अंधार पडण्याआधी वर पोहोचा म्हणजे उजेड आणि दिवे दोन्ही मिळतील. बाकी महिन्यांत मी तरी बोटच धरीन. वादळाचा ८ नंबरचा इशारा लागला तर मात्र फेरी आणि ट्राम दोन्ही बंद होतात, तेव्हा निघण्याआधी हवामान खात्याचं अॅप एकदा बघून घ्या.