वर्षाचा आढावा: आठवणीवर, नोंदींवरून की कोणापाशी बोलून?

नवे संकल्प लिहिण्याआधी सरलेल्या वर्षाकडे एकदा वळून बघावं, हे बहुतेकांना पटलेलं असतं. अडतं ते कसं बघायचं इथे. ढोबळ मानाने तीन मार्ग आहेत. कोरी वही घेऊन आठवेल ते लिहायचं, कॅलेंडर-फोटो-बँकेचं स्टेटमेंट उघडून महिनेच्या महिने चाळायचे, किंवा आपल्याला आतून-बाहेरून ओळखणाऱ्या माणसापाशी बसून बोलायचं. मी तिन्ही करून पाहिले आहेत. एकच जमणार असेल, तर बहुतेकांनी नोंदींचा मार्ग घ्यावा असं माझं मत आहे. त्याला एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येईलच.

आठवणीवर विसंबून

हा सगळ्यात सोपा मार्ग. तासभर पुरतो, साधन काही लागत नाही. काय जमलं, काय राहिलं, कशाने आनंद झाला, कशाची बोच उरली, हे चार प्रश्न पुरेसे होतात. मनावर काय उमटलं ते इथेच कळतं, कुठल्याही नोंदीत ते सापडणार नाही.

पण आठवण सगळ्या महिन्यांना सारखा न्याय देत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या संदर्भात नेहमी आठवतो. त्यांनी लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितलं. आणखी एका खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर ३० सेकंद जास्तीचे. त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. म्हणजे या खेपेला एकूण त्रास जास्तच. तरीही यातली कोणती खेप पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलीच निवडली, कारण तिचा शेवट जरा सुसह्य होता. वर्षाचंही असंच होतं. शेवटचे तीन आठवडे बरे गेले की सगळं वर्ष बरं वाटतं, शेवटी एखादं काम फसलं की अकरा महिन्यांची मेहनत नजरेआड होते. आणि त्या तीन आठवड्यांच्या मूडवर आपण पुढच्या बारा महिन्यांची ध्येयं ठरवतो.

नोंदी उघडून

दोन-तीन तास हाताशी ठेवा. एकेक महिना घ्यायचा. कॅलेंडर, मोबाइलमधले फोटो, पाठवलेले मेसेज, खर्च बघायचे. कागदावर दोन रकाने करायचे: कशाने बळ दिलं आणि कशाने बळ खाल्लं. काम कंटाळवाणं आहे, पण त्यातून निघतं ते अस्सल असतं.

एका वर्षाच्या शेवटी मी ठामपणे म्हणत होते की या वर्षी माझा रियाज झालाच नाही. कॅलेंडर उघडलं तर मेअखेरपर्यंत आठवड्यातून चार सकाळी रियाज लिहिलेला. जूनमध्ये कामाची वेळ दोन तास अलीकडे आली आणि त्या आठवड्यापासून नोंदी थांबल्या. आठवणीवर गेले असते तर ‘मी आळशी आहे, आता रोज पहाटे उठायचं’ असा संकल्प केला असता. नोंदींनी दाखवलं की आळस नव्हता, वेळेची जागा गेली होती. मी रियाज संध्याकाळी हलवला.

ध्येयाचं माप ठरवायलाही नोंदीच लागतात. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असं विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता; प्रत्यक्षात लागले ५५.५. अंदाज बांधताना आपण डोळ्यांपुढे सुरळीत चाललेलं काम आणतो. आजारपण, पाहुणे, अडकलेली कामं त्यात नसतात. गेल्या वर्षाच्या कॅलेंडरमध्ये ती सगळी असतात. बारा महिन्यांत तुमची पाच पुस्तकं वाचून झाली असतील, तर पुढच्या वर्षासाठी पन्नासचा आकडा लिहिण्याआधी ते पान समोर ठेवा.

या मार्गाची उणीव एवढीच की जे टिपलं गेलं तेच दिसतं. फोटो आपण हसऱ्या क्षणांचे काढतो. कोणाच्या उशाशी बसून काढलेल्या रात्री कुठल्याच स्टेटमेंटमध्ये येत नाहीत. म्हणून नोंदी चाळून झाल्या की वीस मिनिटं वही घेऊन बसावं, आधी नाही.

कोणापाशी बोलून

स्वतःशी फार कठोर असाल, किंवा कारणं देण्यात पटाईत असाल, तर हा मार्ग तुमचा. फक्त माणूस नीट निवडा. तुमच्या निर्णयात ज्याचा फायदा-तोटा अडकला आहे, तो यासाठी नको. मी एकच प्रश्न विचारते: ‘या वर्षी मी कधी सगळ्यात मोकळी दिसले?’ उत्तर बहुधा अनपेक्षित असतं.

वर्ष जड गेलं असेल तर

हाच तो अपवाद. कोणी गेलं असेल, नातं तुटलं असेल, तर फोटो उघडू नका. बोटाच्या एका स्पर्शाने जखम उघडते. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बीऑल यांचं १९८६ चं संशोधन इथे उपयोगी आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्यावर लगेच जास्तच उदास वाटलं, मात्र पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणून असं लिहिणार असाल तर त्याच संध्याकाळी ध्येयं ठरवायला बसू नका, मध्ये निदान आठवडा जाऊ द्या. लिहिणंही पेलवत नसेल तर बोला, आणि यंदा संकल्प नाही केले तरी चालतील.

बाकीच्यांनी एक मोकळी सकाळ शोधावी आणि जानेवारीच्या नोंदींपासून सुरुवात करावी. वेळ खरोखर तासाभराचाच असेल, तर बारा महिने पळवत नेण्यापेक्षा कमी आठवणारे तीन महिने निवडा आणि तेवढेच नीट बघा.