पायथनचे जनरेटर डोळे झाकून घ्या, कोरुटीन पारखून

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत भट्टीच्या तापमानाची सेकंदाला एक नोंद धरली, तर दिवसाच्या ८६,४०० ओळी होतात आणि महिन्याच्या जवळपास २६ लाख. सगळ्यांची एकदम लिस्ट केली की ऑफिसातला ४ जीबी रॅमचा पीसी धापा टाकतो. फंक्शनात रिटर्नऐवजी यील्ड लिहून मागेल तशी एकेक ओळ सोडली (असे फंक्शन म्हणजे जनरेटर), तर मेमरीत एका वेळी एकच नोंद राहते. ही सोय पायथन या प्रोग्रामिंग भाषेत २००१ पासून आहे. गुण पैकीच्या पैकी.

खोड एवढीच, की जनरेटर एकदाच चालतो. सरासरी काढून झाल्यावर त्याच्यावर मॅक्स लावले तर निदान एरर तरी येते. सम लावला तर गुपचूप शून्य मिळते आणि तेच अहवालात छापून जाते. दोन्ही आकडे एकाच फेरीत काढावेत. टी (tee) या तयार फंक्शनने जनरेटरच्या दोन प्रती करण्यात अर्थ नाही, कारण पहिली पुरती वाचेपर्यंत दुसरीसाठी सगळ्या नोंदी मेमरीतच साठतात.

बेळगावकडे आणखी एक भानगड. गिऱ्हाइकांची नावे मराठीत आणि कन्नडमध्येही. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटमध्ये साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) दोन्ही लिपींचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. ४०९६ बाइटचे तुकडे पाडणारा जनरेटर ‘हुबळी’तला ळ मधोमध चिरतो आणि डीकोड एरर येते. फाइल टेक्स्ट मोडमध्येच उघडावी. विंडोजवर एन्कोडिंगही स्वतः लिहावे.

आता कोरुटीन, म्हणजे मध्येच थांबून दुसऱ्या कामाला वाट देणारे फंक्शन. ते लिहिण्याचे असिंक-अवेट हे शब्द २०१५ च्या ३.५ आवृत्तीत आले. निपाणी, चिकोडी, खानापूर अशा तीन गोदामांच्या सर्व्हरकडून साठा मागवायचा आणि प्रत्येकी २ सेकंद लागतात असे धरा. एकापाठोपाठ विचारले तर ६ सेकंद, सगळी कोरुटीन एकदम सोडणाऱ्या गॅदरने २ च्या आसपास. जड आकडेमोडीला मात्र काडीचा फायदा नाही, सगळे एकाच थ्रेडवर चालते. आत कुठे टाइम-स्लीप (नुसते थांबणे) किंवा रिक्वेस्ट्स या वेब लायब्ररीचा कॉल राहिला, तर कामे आळीपाळीने चालवणारा सगळा लूप अडतो आणि पुन्हा तेच ६ सेकंद! असा कॉल टू-थ्रेडने वेगळ्या थ्रेडवर टाकावा (३.९ पासून). अवेट विसरलात तर फंक्शन चालतच नाही, येते ती फक्त वॉर्निंग. क्रिएट-टास्कने सोडलेले काम व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर अर्धवट असतानाच साफ होऊ शकते. लूप त्याला घट्ट धरत नाही. ३.११ असेल तर सरळ अशी कामे एकत्र सांभाळणारा टास्कग्रुप वापरा.

साध्या फाइली वाचायची सोय असिंकिओत (गॅदर, टास्कग्रुप जिच्यात आहेत ती लायब्ररी) नाहीच. तिथे यील्डच बरे.